पत्र्याखालचा मे महिना

उष्णता एका वस्तूतून दुसरीत कशी जाते, हे शाळेत आपण सर्वांनीच शिकलेले असते आणि परीक्षा संपताच विसरलेलेही असते. जयपूरच्या एका औद्योगिक वसाहतीत मात्र त्या धड्याशी कामगारांची रोज गाठ पडते.

जयपूर पाहायला गेलेली मराठी कुटुंबे हवामहल, आमेरचा किल्ला, जंतरमंतर आणि जोहरी बाजार एवढे उरकून परततात. शहराच्या उत्तरेला, सीकर रोडवर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. तिकडे पाहुण्यांना कोणी नेत नाही. नेण्यासारखे तिथे आहे तरी काय? रोड नंबर पाच, रोड नंबर नऊ, रोड नंबर चौदा असे क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते आणि त्यांच्या दुतर्फा पत्र्याच्या छपरांचे कारखाने. कुठे तारा आणि केबल, कुठे ओतकाम, कुठे यंत्रांचे सुटे भाग, तर कुठे प्लॅस्टिकच्या वस्तू. राजस्थान सरकारच्या ‘रिको’ या महामंडळाची ही वसाहत म्हणजे आपल्याकडच्या एमआयडीसीची सख्खी बहीणच. जयपूरकर तिला नुसते ‘वीकेआई’ म्हणतात. नाव मात्र देवांच्या कारागिराचे, विश्वकर्म्याचे.

मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशी ओलांडून मुक्काम ठोकतो आणि काही दिवशी पंचेचाळीसच्याही वर चढतो. याच राज्यात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियसची नोंद झाली होती. हे आकडे सावलीतले असतात. डोक्यावर तापलेला पत्रा आणि समोर पेटलेली भट्टी असेल, तर त्या जागेचा आकडा हवामान खात्याच्या तक्त्यात सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, कारखान्यातल्या उकाड्याशी आमचा काय संबंध? पहिली गोष्ट, कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आपलीच माणसे असेच वितळलेले लोखंड साच्यात ओतत असतात. दुसरी गोष्ट, पत्र्याखाली राहणारी कुटुंबे महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरात आणि गावात आहेत. आणि भट्टीपुढच्या कारागिराला जे नियम लागू होतात, तेच गॅसच्या शेगडीपुढे उभ्या असलेल्या गृहिणीला आणि दारातल्या माठालाही लागू होतात.

ठिणगी पोळत नाही, किटली पोळते

लोखंडाचा तुकडा ग्राइंडरच्या चाकाला टेकवला की ठिणग्यांचा पिसारा उडतो. त्या ठिणग्यांचे तापमान हजार अंशांच्या आसपास असते. तरी दोन-चार ठिणग्या हातावर पडल्या म्हणून कारागीर काम थांबवत नाही. (डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, तो न घालणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.) दिवाळीत फुलबाजी धरणाऱ्या मुलांचा अनुभवही हाच. उलट चहाच्या किटलीतले पाणी फार तर शंभर अंशांचे, पण ते पायावर सांडले तर दवाखाना गाठावा लागतो.

म्हणजे तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याच्या दोन टाक्या नळीने जोडल्या, तर ज्या टाकीतली पातळी उंच तिच्यातून दुसरीत पाणी जाते. कोणत्या टाकीत पाणी जास्त आहे याला महत्त्व नसते. तापमान ही पातळी आणि उष्णता हे पाणी. ठिणगीची पातळी आभाळाला टेकलेली, पण टाकी थेंबाएवढी. किटलीची पातळी कमी, पण साठा भरपूर. त्यातून पाण्याची साठवण दांडगी. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ नऊ किलो लोखंड एका अंशाने तापते. लालभडक लोखंड विझवायला पाणी वापरतात, त्याचे एक कारण हेच.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पक्की लक्षात ठेवावी. उष्णता आपण होऊन नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडेच जाते. ‘खिडकी लाव, थंडी आत येते’ असे आपण म्हणतो. खरे तर उष्णता बाहेर जात असते. बर्फ सरबताला गारवा देत नाही, सरबतातली उष्णता काढून घेतो. थंडी नावाचा पदार्थ जगात नाही.

उष्णता नावाचा पदार्थ मात्र आहे, असे शास्त्रज्ञ एकेकाळी मानत. तो वस्तूंमधून वाहतो, अशी त्यांची समजूत होती. या समजुतीला जोरदार धक्का बसला तो एका कारखान्यातच. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या आतून कोरल्या जात असताना बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड याने पाहिले, की हत्यार घासले जात आहे तोवर धातू तापतच राहतो. त्याने नळीभोवती पाणी ठेवले आणि सुमारे अडीच तासांत ते विस्तवाशिवाय उकळले. हा प्रयोग १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला. घासण्याने हवी तेवढी उष्णता निर्माण होत असेल, तर ती आत साठवलेला पदार्थ असूच शकत नाही; ती कणांची हालचाल असली पाहिजे. आज वीकेआईतल्या किंवा भोसरीतल्या कोणत्याही लेथवर हत्याराच्या टोकाशी दुधासारखे पांढरे पाणी सोडलेले दिसते. कारागीर त्याला कूलंट म्हणतो. रम्फर्डने पाहिलेली तीच उष्णता ते वाहून नेत असते.

कढईचा कान आणि जयपुरी रजई

उष्णतेच्या प्रवासाच्या तीन वाटा आहेत: वहन, अभिसरण आणि प्रारण.

वहनात वस्तू जागची हलत नाही. तापलेले कण शेजारच्या कणांना धक्का देत जातात. तांबे यात सर्वांत तरबेज धातूंपैकी एक. स्टेनलेस स्टीलपेक्षा ते सुमारे पंचवीस पट जलद उष्णता पुढे ढकलते. म्हणून स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा बूड लावतात. उष्णता बुडाशी सारखी पसरते आणि दूध एकाच जागी करपत नाही. म्हणूनच कढईचा लोखंडी कान पोळतो आणि कुकरची मूठ पोळत नाही. पण ते फडके कोरडे हवे, ज्याने आपण कढई उतरवतो. ओले फडके हाताला वाचवत नाही, कारण धाग्यांमधल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी चांगले वाहक आहे. भट्टीवर काम करणारे ओल्या हातमोज्यांना घाबरतात ते उगाच नाही.

सगळ्यांत वाईट वाहक म्हणजे स्थिर हवा. तांब्याशी तुलना केली तर तांबे तिच्या सुमारे पंधरा हजार पट वाहक भरते. जयपूरची प्रसिद्ध रजई या एका गोष्टीवर उभी आहे. पिंजून हलका केलेला कापूस दोन तलम कापडांमध्ये भरायचा आणि टाके घालून तो जागच्या जागी धरायचा. वजन थोडे, पण हवेचे कप्पे असंख्य. रजई ऊब देत नाही. अंगाची ऊब अडवून धरते. आपली गोधडीही तेच करते, फक्त जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये. आणि गंमत अशी की त्याच रजईत बर्फाची लादी गुंडाळली तर बर्फ जास्त वेळ टिकतो. आतली उष्णता बाहेर न सोडणारी वस्तू बाहेरची आतही येऊ देत नाही. घरी करून पाहण्यासारखा एक उद्योग सांगते: डाळीला चांगली उकळी आली की घट्ट झाकणाचे पातेले जुन्या गोधडीत गच्च गुंडाळून तासभर ठेवून द्या. गॅस बंद असूनही डाळ शिजत राहते.

चांगली भट्टी म्हणजे असेच गुंडाळलेले पातेले. आत बाराशे अंश आणि बाहेरची भिंत जेमतेम कोमट, हे उष्णतारोधक विटा आणि लोकरीसारखे तंतू असलेल्या अस्तराने साधते. अस्तर झिजले की दोन गोष्टी एकदम होतात: इंधनाचे बिल वाढते आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हाल वाढतात. माणसाच्या हालांचा हिशेब कोणी ठेवत नाही, बिलाचा ठेवतात. पण भट्टीच्या बाबतीत हे दोन्ही हिशेब एकाच वहीत येतात, हे मालकांना पटवून द्यायला हवे.

अभिसरण ही द्रवांची आणि वायूंची वाट. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि वर जाते. तिच्या जागी गार हवा खालून येते. कारखान्यांच्या छपरावर फिरणारे पत्र्याचे गोल घुमट तुम्ही पाहिले असतील. त्यांना वीज लागत नाही. वारा आणि वर चढणारी गरम हवा त्यांना फिरवते आणि छपराखाली साचलेला उकाडा बाहेर निघतो. अट एकच: खालून हवा आत यायला जागा हवी. चोरीच्या भीतीने खालच्या खिडक्या कायमच्या बंद करून वर चार घुमट बसवणे म्हणजे बाटलीचे झाकण न उघडता पाणी ओतण्याचा प्रयत्न. जयपूरच्या राजांना हे ठाऊक होते. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधून घेतलेल्या हवामहालाला ९५३ खिडक्या आहेत असे सांगतात. त्यांच्या बारीक जाळ्यांमधून वारा खेळत राहतो. राजघराण्यातील स्त्रियांना पडद्याआडून रस्ता दिसावा हा मुख्य हेतू होता खरा, पण उन्हाळ्यात त्या जाळ्यांचा वाराही काही कमी मोलाचा नसणार.

पंखा ज्याला अडवू शकत नाही

तिसरी वाट प्रारणाची. तिला मध्ये काहीच लागत नाही, हवासुद्धा नाही. सूर्याची उष्णता पंधरा कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून याच वाटेने येते. यातला मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. अवरक्त किरण ते हेच.

प्रत्येक वस्तू असे किरण सोडत असते. तुम्ही, मी, ही खुर्चीसुद्धा. पण तापमान वाढले की त्यांचे प्रमाण सरळ हिशेबाने वाढत नाही. उणे २७३ अंशांपासून मोजलेले तापमान दुप्पट झाले, तर प्रारण सोळा पट होते; पाच पट झाले, तर सव्वासहाशे पट. खोलीतला लोखंडी तुकडा २७ अंशांचा असेल आणि तोच तुकडा भट्टीतून बाराशे सत्तावीस अंशांवर बाहेर आला, तर बरोबर हा पाच पटीचा हिशेब लागतो. लाल-पिवळा रसरशीत दांडा दहा फुटांवरून गेला तरी चेहरा भाजल्यासारखा वाटतो, तो यामुळे. हवा त्या मानाने तापलेलीही नसते.

बऱ्याच कारखान्यांत भट्टीपुढच्या कामगारासाठी एक मोठा पंखा लावून मालक निर्धास्त होतो. पंख्याचा उपयोग आहे, पण तो हवा हलवतो. किरण हलवत नाही. भट्टीच्या तोंडाशी आणि माणसाच्या मध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा साधा पत्रा उभा केला, तर तो बहुतेक किरण परत फिरवतो. अशा आडोशाचा खर्च पंख्यापेक्षा जास्त नसतो. किरणांना सावली हवी, वारा नव्हे.

नऊ शेगड्यांचे छप्पर

आता छपराकडे येऊ, कारण घर आणि कारखाना यांत ते सारखेच आहे.

उन्हाळ्यात भर दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट एवढी सूर्याची ऊर्जा पडते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीचे छप्पर नऊ चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त भरते. म्हणजे त्या छपरावर विजेच्या हजार वॅटच्या नऊ शेगड्या पेटवून ठेवल्यासारखे झाले. सगळी उष्णता आत येत नाही हे आपले नशीब. काही परावर्तित होते, काही वारा घेऊन जातो. तरीही गंजलेला किंवा गडद रंगाचा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापतो आणि मग तोच खालच्या माणसांवर किरण सोडू लागतो. खोलीतली सावली ही खऱ्या अर्थाने सावली राहतच नाही.

नवा चकचकीत पत्रा बसवला तर तो तापणार नाही, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. चकचकीत धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जे थोडेफार शोषतो ते स्वतःच्या प्रारणाने बाहेर टाकण्यात फार कंजूष असतो. त्यामुळे उष्णता आत साचत जाते. पांढरा चुना किंवा पांढरा रंग दोन्ही कामे करतो: उन्हाचा मोठा भाग परतवतो आणि शोषलेली उष्णता आभाळाकडे भराभर सोडतो. म्हणून पत्रा असो वा गच्ची, वरून पांढरी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. धातूचा कंजूषपणा वापरायचाच असेल तर तो खालच्या बाजूला वापरावा. पत्र्याखाली थोडे अंतर सोडून चकचकीत वर्खाचा थर ताणला, तर तो खाली फारच कमी किरण सोडतो. चुना पावसात धुऊन जातो आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो, ही त्याची खोड. आणि पत्र्यावर चढताना जपावे. जुना किंवा सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटून माणसे पडतात. वजन आडव्या फळीवरच टाकावे.

रात्री हाच हिशेब उलटा होतो. कोरड्या, निरभ्र आभाळाकडे छप्पर उष्णता सोडत राहते आणि राजस्थानात पहाटेपर्यंत छान गार होते. गच्चीवर खाट टाकून झोपण्याच्या रिवाजाला हाच आधार. जुन्या काळी उत्तर हिंदुस्थानात तर या जोरावर बर्फ करत असत. अलाहाबादला हिवाळ्यात उथळ खड्ड्यांत पेंढा अंथरून त्यावर मातीच्या परळांत उकळून गार केलेले पाणी ठेवत. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसली तरी पहाटे पाण्यावर बर्फ धरलेला असे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पेंढा जमिनीची उष्णता वर येऊ देत नसे आणि आभाळ वरून ती ओढून घेत असे.

तिन्ही वाटा उलट फिरतात तेव्हा

आता भट्टी, पत्रा आणि मे महिना यांच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्या शरीराला आतून ३७ अंशांच्या आसपास राहणे भाग आहे. नुसता बसलेला माणूसही सुमारे शंभर वॅट उष्णता निर्माण करतो, एका जुन्या बल्बएवढी. घण मारताना किंवा साचे उचलताना हाच आकडा चारशेच्या पुढे जातो. ही उष्णता बाहेर टाकणे हे शरीराचे अखंड काम. एरवी त्वचा तेहतीस-पस्तीस अंशांची आणि भोवतालची हवा त्याहून गार असते. मग वहन, अभिसरण, प्रारण या तिन्ही वाटांनी उष्णता बाहेर जाते.

पण हवा ४४ अंशांची, पत्रा ६५ अंशांचा आणि भट्टी त्याहून कितीतरी तप्त असेल, तर? उष्णता जास्तीकडून कमीकडेच जाणार. त्या शेडमध्ये सर्वांत कमी तापमानाची वस्तू माणूस हीच असते. तिन्ही वाटा उलट फिरतात आणि सगळ्या वस्तू त्याच्या अंगात उष्णता ओतू लागतात.

अशा वेळी एकच उपाय उरतो: घाम. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते. अंगावरून एक लीटर घाम वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाला लीटरभर घाम वाळणे म्हणजे साडेसहाशे वॅटहून अधिक उष्णतेचा निचरा. मात्र ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे. जो घाम टपकला किंवा रुमालाने पुसला, तो फुकट गेला.

घाम किती वाळतो हे हवेतल्या दमटपणावर अवलंबून असते. माठ जयपूर-नागपुरात बर्फासारखा आणि मुंबईत जेमतेम गार, याचे कारण तेच. तापमापकाच्या टोकाला ओले कापड गुंडाळून वाऱ्यात धरले, तर बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती गारवा मिळेल ते कळते. हवा ४२ अंशांची पण अगदी कोरडी, पंधरा टक्के आर्द्रतेची असेल, तर ते कापड २२ अंशांपर्यंत उतरते. मुंबईच्या ३४ अंशांच्या आणि सत्तर टक्के आर्द्रतेच्या दुपारी ते २९ अंशांच्या खाली येत नाही. वाळ्याच्या ताट्या, कूलर, आमेरच्या सुखनिवासात दालनातून खेळवलेला पाण्याचा पाट, सगळे कोरड्या हवेचे लाभार्थी. पावसाळा सुरू झाला की जयपुरातही कूलर नुसता ओला वारा देतो. पंख्याचेही तसेच. अंग ओले असेल तर तो घाम वाळवून वाचवतो. पण हवा चाळिशीपार आणि अंग कोरडे असेल, तर तो चुलीवरच्या फुंकणीसारखा उष्णता अंगावर आणून टाकतो. राजस्थानातली माणसे ‘लू’ला भितात आणि दुपारी डोके-कान कापडाने गुंडाळून घेतात, त्यात अंधश्रद्धा काहीच नाही. सुती कापडाचे पदर उन्हाचे किरण आणि तापलेला वारा दोन्ही अडवतात.

घाम पुरा पडेनासा झाला की शरीराचे तापमान वाढत जाते. ते ४० अंशांच्या पुढे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात आहे आणि मिनिटे मोजायची वेळ आहे. त्वचा कोरडी पडलेली असतेच असे नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम आलेला असू शकतो. हे केवळ भट्टीपुढेच घडते असेही नाही. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या भव्य समारंभानंतर चौदा जणांनी प्राण गमावले आणि कित्येकांना उष्माघाताने रुग्णालयात न्यावे लागले. त्या दिवशी तिथल्या परिसरात पारा चाळिशीलाही पोचलेला नव्हता. पण ऊन थेट डोक्यावर होते, हवा समुद्रकाठची दमट होती आणि माणसे तासन्‌तास बसून होती. पाऱ्याचा एकच आकडा पाहून निश्चिंत होणे किती धोक्याचे, ते यावरून कळावे.

पहिला आठवडा

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमात भिंती आणि छपरे अशी असावीत की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, तसेच फार उष्णता निर्माण करणारी प्रक्रिया वेगळी ठेवावी किंवा तप्त भाग उष्णतारोधक वेष्टनाने झाकावेत, असे स्पष्ट लिहिले होते. वहन, अभिसरण आणि प्रारण यांची नावे न घेता कायद्याने तिन्ही वाटा अडवायला सांगितल्या होत्या. कायदा लिहिणाऱ्यांना भौतिकशास्त्र समजले होते. छप्पर बांधणाऱ्यांनी ते मनावर घेतले नाही, एवढेच.

कुणाला उष्माघात झालाच, तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा आणि ती येईपर्यंत थांबून राहू नये. माणसाला सावलीत आणावे, जाड कपडे काढावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि जोराने वारा घालावा. आता पंखा हवाच, कारण अंग ओले आहे. मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये. नुसता थकवा, पायांत गोळे आणि चक्कर असेल आणि माणूस नीट बोलत असेल, तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. तहान लागेपर्यंत थांबू नये. भट्टीच्या कामात दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे.

आणि सर्वांत जास्त जपावे ते नव्या माणसाला. शरीर उन्हाळ्याला सरावते, पण त्यासाठी एक ते दोन आठवडे घेते. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्याचे प्रमाण वाढते आणि त्यातले मीठ कमी होते. गावाहून कालच आलेल्या तरुणाला आज पूर्ण पाळीभर भट्टीवर उभे करणे, हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. पहिल्या दिवशी त्या उष्णतेत पाळीचा पाचवा हिस्सा काम द्यावे आणि रोज थोडे थोडे वाढवत न्यावे. उन्हाळी सुटीला गावी जाऊन महिनाभराने परतलेला किंवा आजारातून उठलेला जुना कारागीरही या हिशेबात नवाच धरायचा. तो तसे कबूल करणार नाही. त्याच्या मुकादमाने करावे.